एअर कुशन म्हणजे काय? वंदे भारतपासून ढिगाऱ्यापर्यंत हवेच्या गादीचे उपयोग

मुंबई-मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस महाड तालुक्यातल्या वीर स्थानकात थांबत नाही, पण जाते तिथूनच. या गाडीचे डबे हवेवर तोललेले असतात, हे तुम्हाला माहीत आहे का?

अर्थ काय?
एअर कुशन म्हणजे हवेची उशी किंवा गादी. रबराच्या किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेली हवा वजन पेलते, ते मोठ्या भागावर पसरवते आणि धक्काही झेलते.

रेल्वेत
डबा आणि चाकांची बोगी यांच्यामध्ये हवा भरलेले रबरी फुगे बसवतात. त्यांना 'एअर स्प्रिंग' म्हणतात. प्रवासी वाढले की व्हॉल्व्हमधून आणखी हवा आत येते आणि डब्याची उंची तेवढीच राहते.

बचावकार्यात
२४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. चार वर्षांचा एक मुलगा मात्र सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर आला. अशा वेळी घाईने जेसीबी चालवला, तर स्लॅब सरकून आत अडकलेल्या माणसावर येऊ शकतो. म्हणून एनडीआरएफसारख्या पथकांकडे हवेच्या 'लिफ्टिंग बॅग' असतात. चपटी बॅग फटीत सरकवायची आणि हळूहळू हवा भरायची.

हिशोब सोपा आहे. ५० सेंमी लांब-रुंद बॅगेचे क्षेत्रफळ २,५०० चौरस सेंमी. ८ बार दाब म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे ८ किलो. म्हणजे जोर झाला जवळपास २० टन! बॅग फुगून गोल होऊ लागली की हा जोर घटतो. त्यामुळे स्लॅब जसा वर येईल, तसे खाली लाकडी ठोकळे लावत जातात.

घरात
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला एकाच जागी दाब पडून जखमा होतात. एअर बेडमधले कप्पे आलटून पालटून फुगतात आणि तो दाब बदलत राहतो. मधे भोक असलेली गोल रिंग मात्र अशा रुग्णासाठी टाळावी. तिच्या कडेवर दाब एकवटतो आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो.

एअर बेड घेतला तरी काम संपत नाही. रुग्णाची कूस डॉक्टर सांगतील तितक्या वेळाने बदला आणि पाठ, कंबर, टाचा रोज तपासा. त्वचा लाल दिसली आणि तो लालपणा जात नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.