घळ, गुहा आणि गिरणी : ट्रॉयची एक दिवसाची सहल

सहल म्हटली की आपल्या मंडळींना पहिल्यांदा नायगारा आठवतो, मग वॉशिंग्टन, आणि भारतातून आई-वडील आले की पुन्हा एकदा नायगारा. घराजवळ काय आहे याची चौकशी करायला आपल्याला वेळ नसतो. आम्हीही त्यातलेच. ट्रॉयमध्ये राहून आम्हाला सात वर्षे झाली. पण गावाच्या पोटात एक खोल घळ आहे, तिच्या कड्यातून माणसांनी खोदलेला बोगदा जातो आणि तासाभराच्या अंतरावर जमिनीखाली १५६ फुटांवर नदी वाहते, हे आम्हाला या उन्हाळ्यापर्यंत धड माहीत नव्हते. मंडळाच्या कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा 'दगड काय बघायचे?' असा एक सूर उमटलाच. तरीही सप्टेंबरमधल्या एका रविवारी नऊ गाड्या निघाल्या. निघायची वेळ आठची होती. नऊला दहा मिनिटे कमी असताना शेवटची गाडी आली. तेव्हा वाटाड्या म्हणून आलेले स्थानिक गृहस्थ घड्याळाकडे न पाहता हसत होते. हे निवृत्त अभियंता. आपल्या गावाच्या इतिहासाचे वेड असलेली अशी माणसे इथे भेटतात, हे या देशाचे एक वैभव आहे.

नावात ट्रॉय

गावाचे जुने नाव व्हँडरहेडन. १७८९ मध्ये गावकऱ्यांनी होमरच्या महाकाव्यातले ट्रॉय हे नाव घेतले. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात अशी ग्रीक-रोमन नावे ठेवण्याची लाटच होती. म्हणून आपल्या आसपास युटिका, सिराक्यूज, इथाका असे सगळे प्राचीन जग पसरलेले दिसते. नाव घेतले म्हणून टेकड्याही तशाच हव्यात, तेव्हा एक झाली माउंट आयडा आणि दुसरी माउंट ऑलिम्पस. आपल्याकडे गल्लोगल्ली 'काशी विश्वेश्वर' असतो तसाच हा प्रकार.

माउंट आयडाच्या अंगाने पोएस्टेनकिल ही छोटी नदी हडसनला मिळायला धावत येते. 'किल' म्हणजे डच भाषेत ओढा. पठारावरून खाली उतरताना तिने खडक कापून जी घळ केली आहे, ती पाहून आम्हाला शिवथरघळीची आठवण झाली. फक्त इथे समर्थ नाहीत आणि धबधब्याच्या माथ्यावर काही पावलांवरच शहराची रहदारी आहे.

वाटाड्यांनी आम्हाला कड्याचे थर दाखवले. साधा नियम असा की खालचा थर आधी साचतो, वरचा नंतर. म्हणजे खालचा म्हातारा आणि वरचा तरुण. इथे नेमके उलटे आहे. कँब्रियन काळातले जुने खडक वर आहेत आणि त्यांच्याखाली ऑर्डोव्हिशियन काळातले, काही कोटी वर्षांनी तरुण असलेले शेलचे थर. पर्वत घडताना भूगर्भातल्या रेट्याने जुना पाट उचलला जाऊन नव्यावर सरकला, त्याची ही खूण. ट्रॉयच्या रेन्सलेअर संस्थेत (स्थापना १८२४) शिकलेले एबेनेझर एमन्स यांनी याच भागातल्या जुन्या खडकांवरून भूगर्भशास्त्रज्ञांशी आयुष्यभर वाद घातला. या भ्रंशाला आज त्यांचेच नाव आहे. सह्याद्रीत आपण लाव्ह्याचे थर एकावर एक नीट रचलेले पाहतो. त्या सवयीच्या डोळ्यांना हा उलटा डाव समजायला थोडा वेळ लागतो.

कड्यातला बोगदा

पण घळीचे खरे आकर्षण माणसाने केलेले आहे. बेंजामिन मार्शल नावाचा इंग्लंडहून आलेला कापूस-कापडाचा व्यापारी होता. १८१८ मध्ये न्यूयॉर्क ते लिव्हरपूल ठरलेल्या दिवशी निघणारी जहाजे सुरू झाली, त्या 'ब्लॅक बॉल लाइन'च्या मूळ भागीदारांपैकी तो एक. पुढे तो ट्रॉयला गिरणीमालक म्हणून आला. १८४० मध्ये त्याने पोएस्टेनकिलवर बांध घातला आणि घळीच्या उत्तरेकडच्या कड्यातून सुमारे ६०० फूट लांबीचा बोगदा सुरुंगाने फोडला. धबधब्यावरून वाया जाणारे पाणी बोगद्यातून वळवायचे आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर उतारावरचे कारखाने चालवायचे, अशी ही योजना. कोळसा नाही, वाफ नाही, धूर नाही. पाणी पडते आणि चाक फिरते.

मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली १८५४ मध्ये. म्हणजे हा बोगदा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. आज गिरण्या गेल्या. उरले आहेत दगडी भिंतींचे तुकडे, पाण्याचे चाक बसवण्याचे खोल खड्डे, आणि त्यांवर वाढलेली झाडे. १९७८ मध्ये या घळीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. बोगद्यात जाणे धोक्याचे आहे. आम्ही बाहेरूनच पाहिले आणि वाचकांनीही तेवढेच करावे.

एका खड्ड्यापाशी उभे राहून वाटाड्यांनी सहज विचारले, "तुमच्यापैकी कोणी कधी कापडगिरणीत काम केले आहे का?"

आम्ही सगळे हसलो. घोळक्यात सॉफ्टवेअरवाले, दोन डॉक्टर, बाकीचे अभियंते, आणि आम्ही रसायनशास्त्रवाले. गिरणीत कोण असणार? तेवढ्यात मागून एक हात वर झाला. तो आमच्या बाबांचा होता.

"मी," ते म्हणाले. "साचेखातं. परळ."

आम्ही न सांगितलेली गोष्ट

इथे आम्हाला थोडे मोकळेपणाने लिहिले पाहिजे. आमच्या मुलांना आम्ही एवढेच सांगितले होते की आजोबा 'टेक्स्टाइल लाइनमध्ये' होते. मंडळात ओळखी होताना कोणी सांगते वडील मुख्याध्यापक होते, कोणी सांगते बँकेत होते. आम्हीही तेच वाक्य म्हणून पुढे सरकत असू. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. बाबा साचेवाले होते. काही वर्षे बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून, आज काम मिळते का याची वाट पाहिल्यावर ते कायम झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही. बाबा मात्र गिरणीत परत गेले नाहीत. भाजी विकली, मग एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. आमचे सगळे शिक्षण त्या पगारावर आणि आईच्या शिलाई मशिनवर झाले. घरात संपाविषयी बोलणे होत नसे, आणि आम्हीही विचारले नाही.

घळीत वाटाडे एकेक प्रश्न विचारू लागले आणि बाबा मराठीत उत्तरे देऊ लागले. मध्ये आम्ही दुभाषे. साच्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचे तर ओठांच्या हालचाली वाचायच्या. धोटा उडून आला तर माणूस जायबंदी होई. धागा तुटला की सांधायचा कसा, हे त्यांनी बोटांनी हवेत करून दाखवले. ती बोटे इतकी झरझर फिरली की वाटाड्यांनी टोपी काढली. भाषांतर करता करता आम्हालाही हे सारे पहिल्यांदाच कळत होते. आमची धाकटी विचारत होती, "आजोबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" बाबा म्हणाले, "कोणी विचारलं नाही, बाळा." तेव्हा आम्ही पाण्याकडे पाहत होतो.

मग वाटाड्यांनी त्यांना एक शब्द ऐकवला : 'सॅनफोराइज्ड'. बाबा एकदम उजळले. थानाच्या काठावर हा छाप त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. धुतल्यावर कापड आटणार नाही याची ती हमी. पण हे एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस याच ट्रॉयचा, हे त्यांना काय आम्हालाही माहीत नव्हते. सॅनफर्ड क्लुएट यांचा जन्म ट्रॉयचा, शिक्षण रेन्सलेअरमधले, आणि काम ट्रॉयच्या क्लुएट-पीबॉडी कंपनीत. 'ॲरो' शर्टवाली तीच. विणताना आणि रंगवताना कापड सतत ताणलेले असते. पहिल्या धुण्यात धागे पुन्हा मूळ जागी येतात म्हणून ते आटते. क्लुएट यांनी ओलसर कापड ताणलेल्या जाड पट्ट्यावर चढवले आणि पट्टा सैल होऊन आखडला की कापडही त्याच्याबरोबर आखडेल असे यंत्र बनवले. म्हणजे कापडाला जे आटायचे ते कारखान्यातच आटते. परळच्या थानावरचा शब्द ट्रॉयहून निघालेला होता. तो वाचणारा माणूस आज ट्रॉयला पोचला.

रविवारचे जेवण

दुपारी बागेत पंगत बसली : दशम्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, आणि कोणीतरी विसरलेले मीठ. जेवताना वाटाड्यांनी केट मुलानीची हकीकत सांगितली. ट्रॉय हे सुट्या कॉलरींचे गाव होते. कॉलरी धुण्या-इस्त्रीच्या धोबीखान्यांत उकळते पाणी आणि तापलेल्या इस्त्र्यांमध्ये बायका दिवसाचे बारा-बारा तास उभ्या राहत. १८६४ मध्ये केट या आयरिश तरुणीने त्यांची संघटना बांधली, संप केला आणि पंचवीस टक्के वाढ मिळवली. १८६९ चा दुसरा संप मात्र फसला आणि संघटना मोडली. केटचे आठव्या रस्त्यावरचे घर २००४ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे होते." लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. त्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. "आज आपण रविवारी फिरतोय ना, त्याच्यामागे पण कोणीतरी भांडलंय," असे म्हणून त्यांनी दहीभात मागून घेतला. आमच्यापैकी कित्येकांनी लोखंड्यांचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, हे कबूल करायला हरकत नाही.

जमिनीखाली

दुपारनंतर स्कोहॅरी परगण्यातल्या हाउ कॅव्हर्न्सकडे. १८४२ मध्ये लेस्टर हाउ या शेतकऱ्याच्या लक्षात आले की उन्हाळ्यात आपल्या गाई कुरणाच्या एकाच कोपऱ्यात जमतात. तिथे झुडपांमागच्या भोकातून थंड वारा येत होता. गाईंनी शोधलेली ही गुहा. गोकुळातल्या मंडळींना यात नवल वाटायला नको. १९२९ पासून लिफ्टने खाली उतरता येते. बाहेर घाम येत असताना आत सदैव ५२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ११ अंश सेल्सिअस. स्वेटर आणा असे पत्रकात लिहिले होते. निम्म्यांनी आणले नव्हते.

महाराष्ट्रात लेणी भरपूर, पण ती माणसाने काळ्या फत्तरात कोरलेली. अशी पाण्याने कोरलेली गुहा बसाल्टच्या देशात सहसा सापडत नाही, कारण त्यासाठी चुनखडक लागतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पिऊन अगदी सौम्य आम्ल बनते, सोडावॉटरचाच पातळ भाऊ म्हणा. ते चुनखडकाला विरघळवत फटी रुंदावते. तेच पाणी गुहेच्या छतातून थेंब थेंब गळते, त्यातला वायू उडून जातो, आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. छतावरून लोंबते आणि जमिनीवरून वाढते. ज्याने खोदले तोच सजवतो. आम्ही हे प्रयोगशाळेतल्या उत्साहाने समजावत होतो आणि मुले आमच्याकडे नव्हे तर होडीकडे पाहत होती.

होडी भूमिगत पाण्यावरून चालते. एका ठिकाणी दिवे मालवले. असा काळोख शहरात राहून विसरायला होतो. कोणी बोलेना. तेवढ्यात धाकटीचा आवाज आला, "आजोबा, गिरणीत लाइट गेले तर?"

"साचे थांबायचे," बाबा म्हणाले. "एकदम शांत व्हायचं. संपाच्या पहिल्या दिवशी तशीच शांतता होती. भोंगा नाही, काही नाही. मला वाटलं, आठ दिवसांत चालू होईल."

दिवे लागले. बाबांचा हात तिच्या हातात होता. होडीतल्या एका वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचेही वडील गिरणीत होते, हे आम्हाला परतीच्या वाटेवर कळले. सहा वर्षे आम्ही एकत्र दिवाळी करतो आहोत.

जाणाऱ्यांसाठी

घळीत पावसानंतर जाऊ नये, शेल फार निसरडा होतो. चपला नकोत, बूट हवेत. गुहेत पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी विचार करावा. स्वेटर खरोखरच न्यावा. येता-जाता बर्डन लोखंड कारखान्याच्या जुन्या कचेरीतले संग्रहालय पाहता आले तर पाहावे. बर्डनचे साठ फूट व्यासाचे पाणचाक वायनँट्सकिलवर फिरत असे. रेन्सलेअरचा विद्यार्थी जॉर्ज फेरिस याला आकाशपाळण्याची कल्पना त्यावरून सुचली असे म्हणतात.

शेवटी एक विनंती. पुढच्या अंकासाठी आपल्या घरातल्या मोठ्या माणसांच्या कामाविषयी लिहून पाठवावे : गिरणी, गोदी, शेत, पोस्ट, काहीही. त्यांना लिहायला जमत नसेल तर त्यांनी सांगावे, आपण लिहावे. बाबा नोव्हेंबरमध्ये परत जाणार आहेत. धाकटीने त्यांच्याकडून धागा सांधायला शिकायला घेतले आहे. तिची गाठ अजून सुटते, पण ते म्हणतात, जमेल.