त्या ४२ जणांचे पुढे काय झाले?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्याच्या पोटमाळ्यावर पाणी झिरपले, आणि तीस वर्षांपूर्वी मिटवून ठेवलेले एक प्रकरण माझ्यापुढे पुन्हा उघडले गेले.

मी दातांचा डॉक्टर. दादरला दवाखाना आहे, बरा चालतो. कन्या बी. डी. एस. झाली तेव्हा मोठ्या हौसेने कर्ज काढून दुसरी खुर्ची घेतली. सौभाग्यवतींनी तिला हळदकुंकू वाहिले, पेढे वाटले; आणि त्याच संध्याकाळी कन्येने जाहीर केले की, तिला रुग्णही तपासायचे आहेत आणि संशोधनही करायचे आहे. त्यानंतर घरात कशी शांतता पसरली, हे वाचकांपैकी जे आईबाप असतील त्यांना सांगायला नको. "काय ते एक ठरव," मी म्हणालो. संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या, पांढरे उंदीर आणि तुटपुंजा पगार. दवाखाना म्हणजे माणसे. या दोन गोष्टी एका डोक्यात नांदत नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. "आणि खुर्चीचे हप्ते?" सौभाग्यवतींनी विचारले. त्यांचा प्रश्न नेहमीप्रमाणे मुद्द्याचा होता.

पोटमाळा रिकामा करताना कन्येच्या हाती तपकिरी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे एक जाडजूड पुस्तक लागले. माझा १९९३ सालचा एम. डी. एस.चा प्रबंध! विषय, सबम्युकस फायब्रोसिस.

नाव अवघड असले तरी रोग आपल्या गल्लीतलाच आहे. सुपारी, मावा, गुटखा यांच्या सवयीने गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचा थर साचत जातो. आधी तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. मग गाल चामड्यासारखे ताठ होतात. आणि एक दिवस लक्षात येते की वडापाव तोंडात मावत नाही! श्वार्ट्झ नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये ही अवस्था नोंदवली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवरून तिचे वर्णन केले.

मी असे ४२ रुग्ण जमवले होते. बहुतेक गिरणगावातले. ठराविक दिवशी गालात इंजेक्शने द्यायची आणि पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजायचे. कोष्टके फार सुबक झाली होती. आकडेशास्त्राचा भाग एका परिचिताने आठशे रुपयांत करून दिला होता. तो मला तेव्हा समजला नव्हता, आजही समजत नाही. पण प्रबंध मंजूर झाला, पदवी मिळाली, आणि पुस्तक पोटमाळ्यावर गेले.

कन्येने जमिनीवर बसून ते पहिल्या पानापासून वाचले.

"बाबा, सहा महिन्यांनंतरचे आकडे नाहीत यात."

"सहा महिन्यांनी परीक्षा होती."

"कुणाची? त्यांची?"

मी गप्प बसलो. मग तिने संदर्भांच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातला तो अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. याच रोगाच्या ६६ रुग्णांवर तिथल्या मंडळींनी १७ वर्षे नजर ठेवली. त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. या रोगाकडे कर्करोगाची पूर्वसूचना म्हणून पाहायचे, याचा तो एक मोठा पुरावा. मी त्याचा हवाला दिला होता. वाचला मात्र नव्हता. माझ्याजवळ ४२ रुग्ण होते, त्यांच्याजवळ ६६. फरक एवढाच, की त्यांनी आपली माणसे सोडली नाहीत.

ही मंडळी कोण, तर दंतवैद्यच! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव काढले की आपल्याला अणू आणि गणित आठवते. पण तिथे दातांचाही एक संशोधन विभाग होता. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या पथकांनी केरळ, आंध्र, गुजरात आणि तेव्हाचा बिहार इथल्या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन ५०,९१५ खेडुतांची तोंडे तपासली. तो वृत्तांत १९६९ साली छापून आला. पुढे ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना सवय सोडण्यासाठी समजावण्यात आले, आणि तोंडातले पांढरे चट्टे नव्याने उठण्याचे प्रमाण खरोखरच उतरले. उंदीर नाहीत, नळ्या नाहीत. तोंडात पाहायचा आरसा, उजेड आणि पुन्हा त्याच दारात जाण्याची चिकाटी.

आता जे कन्येला त्या दिवशी सांगितले ते इथेही सांगून टाकतो. २००४ साली माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. "ओळखलंत का, डॉक्टर?" मी ओळखले नाही. ते त्या ४२ जणांपैकी होते, आणि गालात बरी न होणारी जखम घेऊन आले होते. मी त्यांना त्याच दिवशी परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले. अर्धा जबडा गेला, माणूस वाचला. त्या रात्री मला झोप आली नाही. पण उरलेल्या ४१ जणांना शोधावे, हे सकाळी उठूनही मला सुचले नाही. मला तसे कुणी शिकवलेच नव्हते. प्रबंध हा पदवीसाठी भरायचा एक कर, एवढेच मी शिकलो होतो.

"दवाखाना सांभाळून संशोधन होत नाही म्हणता ना," कन्या म्हणाली, "मग महाडचे बावस्कर?" डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पोरेबाळे दगावत. डॉक्टर रात्ररात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय टिपत राहिले. त्या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आल्या. पुण्याला एम. डी. करून ते पुन्हा कोकणातच परतले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या दंशावर उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले. अत्यवस्थ रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जात, तिथे आता मोजकेच जातात. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडच्या दवाखान्यातच त्यांनी काम चालू ठेवले. प्रश्न खाटेशी उभा राहिला आणि उत्तरही खाटेशीच सापडले.

पण प्रत्येकाच्या अंगी एवढी जिद्द कुठून असणार? इंग्लंडात निवडक तरुण डॉक्टर आणि दंतवैद्य यांना विशेष शिक्षण चालू असतानाच पाव वेळ संशोधनासाठी राखून देतात. अमेरिकेत वैद्यकीची पदवी आणि पीएच. डी. जोडीने करणाऱ्यांना सरकारी पैसा मिळतो, तो १९६४ पासून. आपल्याकडे विद्यार्थ्याला विषय मिळतो, मुदत मिळते. प्रश्न कसा विचारावा हे शिकायला मोकळा वेळ मिळत नाही.

शेवटी घरातल्या घरात तह झाला. आठवड्याचे चार दिवस कन्या नव्या खुर्चीपाशी, दोन दिवस संशोधनाला. हप्त्यांचा तिसरा वाटा तिचा. सौभाग्यवतींनी हिशेब तपासून मान्यता दिली. मी जुने केसपेपर काढून दिले. लगेच शोधायला निघणार होतो, तिने थांबवले. आधी नैतिकता समितीची परवानगी, मग ज्याची त्याची संमती! तीही गोष्ट आमच्या वेळी कुणी फारशी मनावर घेतली नव्हती.

परवानगी आली आहे. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत, निम्मे पत्ते निकामी. आतापर्यंत ११ जण सापडले. त्यांतले दोघे वारले आहेत. एक हृदयविकाराने, दुसरे कशाने ते घरच्यांना नीट सांगता येत नाही. एकाने अजून मावा सोडलेला नाही.

भाऊबीज झाली की रविवारी लालबागला जायचे आहे, क्रमांक २३ कडे. माझी जुनी पट्टी मी घासूनपुसून ठेवली आहे. आकडे वहीत लिहिणार आहे कन्या.