फेरा कार्बनचा, आत्म्याचा नव्हे

भाकरी तव्यावर जास्त वेळ राहिली की करपते. दूध बुडाशी लागले की काळे होते. साखर, लाकूड, कापूस, कागद, केस यांतले काहीही तापवा, ते आधी काळे पडते. मीठ मात्र कितीही तापवले तरी काळे पडत नाही. असे का? कारण पहिल्या साऱ्या वस्तू कधीतरी कोणत्या ना कोणत्या सजीवाच्या देहात तयार झाल्या आहेत आणि सजीवाचा देह कार्बनवाचून बनत नाही. जळाल्यावर उरणारे ते काळे म्हणजे बहुतांशी कार्बनच. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्याला कर्ब म्हणत. मिठात तो नसतो.

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ११ किलो कार्बन असतो. हा आला कुठून? अन्नातून. अन्न आले शेतातून. पण पिकात तो कुठून आला, असे विचारले तर दहातले नऊ जण सांगतील, "मातीतून." हे उत्तर चुकीचे आहे.

झाड माती खाऊन वाढत नाही

सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, तीत विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. रोपाचे वजन सुमारे ७४ किलोंनी वाढले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती जेमतेम ५७ ग्रॅम कमी भरली. झाड मातीतून वाढत नाही, हे सिद्ध झाले. ते पाण्यातून वाढते, असा निष्कर्ष त्याने काढला; तो मात्र अपुरा होता. हवेचाही यात वाटा आहे, हे पुढच्या शतकात कळले. हवेतल्या कार्बनची पानात साखर कशी होते, त्याच्या पायऱ्या मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडल्या. त्यासाठी कॅल्विन यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हवेच्या दर दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू असतात चारच्या आसपास. एवढ्या थोड्या वायूवर सारे रान उभे आहे! पानावरच्या बारीक छिद्रांतून तो आत जातो. हरितद्रव्य सूर्यप्रकाश टिपते आणि त्या बळावर पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते. प्राणवायू बाहेर पडतो. त्याच साखरेतून पुढे ज्वारीचा दाणा, कापसाचे बोंड, बाभळीचे लाकूड घडते. मातीतून येतात ते नत्र, स्फुरद, पालाश यांसारखे क्षार. ते थोडेच लागतात, पण त्यांच्यावाचून चालत नाही.

घेतलेले परत जाते

आपण भाकरी खातो आणि तिच्यातली साखर शरीरात मंद गतीने जळते. तीतून बळ मिळते आणि कार्बन पुन्हा श्वासावाटे बाहेर पडतो. विद्यार्थी मित्रांनो, हे घरी पाहता येते. काचेच्या पेल्यात चुन्याची निवळी घ्या आणि नळीने तीत हळूच फुंकत राहा. थोड्या वेळात निवळी दुधाळ होईल. हा तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा पुरावा. मात्र प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करा. निवळी तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

झाडेही रात्रंदिवस श्वास घेतात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू देतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. प्राणवायू तयार व्हायला प्रकाश लागतो, म्हणून अंधारात कोणतेच झाड तो बाहेर सोडत नाही, पिंपळही नाही. बोधिवृक्षाचा मान त्याखाली झालेल्या ज्ञानप्राप्तीमुळे आहे. तो वाढवायला खोट्या गोष्टींची गरज नाही.

प्राणी मेला, पान गळले की बुरशी, जिवाणू आणि गांडुळे कामाला लागतात. काही कार्बन हवेत जातो, काही काळ्या कसदार द्रव्याच्या रूपाने मातीत मुरतो. हवेत आणि साऱ्या झाडाझुडपांत मिळून जितका कार्बन आहे, त्याहून अधिक एकट्या मातीत आहे. समुद्रात तर त्याहून कितीतरी जास्त.

त्याला वेस ठाऊक नाही

आता थोडा विचार करा. श्वासातून सुटलेला कार्बन वाऱ्याबरोबर पसरतो. वर्ष-दोन वर्षांत तो पृथ्वीभरच्या हवेत मिसळून जातो. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाईने दळताना सोडलेला श्वास पाटलाच्या मळ्यातल्या ज्वारीने घेतला. ती ज्वारी वाड्यात गेली आणि तिच्यातून वाड्यातल्या लेकरांची हाडेमांस घडली. उलटही तसेच घडले.

ज्यांनी आपली सावली टाळली, पाणवठे बंद केले, त्यांच्या देहात आपल्या पूर्वजांचा श्वास होता आणि आपल्या देहात त्यांचा! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्याचे शुद्धीकरण केले. हवेचे शुद्धीकरण ते कसे करणार होते? शुद्ध आणि अशुद्ध देह ही कल्पना निसर्गाच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही. ती माणसाने माणसाला दाबण्यासाठी रचली.

पुनर्जन्म कशाचा?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी हा प्रश्न थेट विचारला आहे. देह पृथ्वी, आप, तेज, वायू यांचा बनलेला असतो. मरणानंतर ही द्रव्ये नष्ट होत नाहीत, ती विश्वातल्या आपल्यासारख्याच द्रव्यांत जाऊन मिळतात आणि त्यांचाच पुन्हा संयोग होतो, अशी मांडणी तेथे आहे. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, हे तेथे नाकारले आहे.

बुद्धाने कार्बन सांगून ठेवला होता, असे आम्ही म्हणणार नाही. सारे विज्ञान आपल्याच जुन्या पोथ्यांत होते, असे म्हणणारे दुसरीकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये. पण दिशा कोणती बरोबर होती, हे तर दिसतेच. चितेवर देहातला बहुतेक कार्बन काही तासांत हवेत जातो. दफन केले तर तो सावकाश मातीत उतरतो. दोन्ही वाटांनी तो पुन्हा पानात, दाण्यात, देहात येतो. या फेऱ्यात मागच्या जन्मीच्या पापपुण्याची वही कुठेच नाही. "तू मागच्या जन्मी पाप केलेस म्हणून या जातीत आलास," या वाक्याने आपल्या कित्येक पिढ्यांचा कणा मोडला. त्या वाक्याला निसर्गात कसलाही आधार नाही, हे आपल्या मुलामुलींना शाळेतल्या विज्ञानाच्या धड्यातूनच समजावून देता येईल.

फेऱ्याबाहेरचा कार्बन

काही कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे या फेऱ्यातून बाहेर होता. चंद्रपूर, वणी, उमरेड येथला दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दलदलीत गाडली गेलेली झाडे. तो काढणाऱ्या हातांत आपल्या समाजाचेही हात आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४४ मध्ये कोळसा खाण मजुरांच्या कल्याण निधीसाठी अध्यादेश निघाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत.

कोळसा आणि तेल जाळून हा गाडलेला कार्बन माणसाने दोनशे-अडीचशे वर्षांत वर आणला. त्यातला निम्म्याच्या आसपास झाडे, माती आणि समुद्र शोषून घेतात. बाकीचा हवेत साठतो. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावर मोजणी सुरू केली, तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, म्हणून पृथ्वी तापते आहे.

हा भार घातला कोणी आणि सोसतो कोण? कोळसा, तेल, वायू यांच्या वापरातून अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतात सुमारे दोन टन. भारतातही गाडी-बंगलेवाल्याचा वाटा मोठा आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचा नगण्य. पण मे महिन्यात तापतो तो पत्राच. उन्हात निंदायला जाते ती भूमिहीन बाई. पाऊस लांबला की पहिली मजुरी बुडते ती तिची. म्हणून पर्यावरणाचा प्रश्न सुखवस्तू लोकांचा आहे, असे समजून आपण तो सोडून देऊ नये. पाणी, सावली, पक्के घर, कामाच्या वेळा यांची मागणी करताना हे ज्ञान आपल्या हाती असले पाहिजे.

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या मायमाऊलीला दोष देण्याचा हा विषय नव्हे. तिच्या फुप्फुसांत जाणारी काजळी कमी व्हावी, हे मागणे मात्र आपले आहे. आणि आपल्या हातात असलेली एक गोष्ट आजच करता येईल. विहाराचे आवार झाडून गोळा झालेला पाला आपण पेटवून देतो. तो पेटवू नका. आवारातच एक खड्डा खणा, पाला, भाजीची देठे आणि थोडे शेण त्यात टाका, वर माती पसरा आणि ओल टिकवा. काही महिन्यांत काळे खत मिळेल. जाळला असता तर तासाभरात हवेत गेलेला कार्बन काही प्रमाणात जमिनीत राहील.

रविवारच्या बालसंस्कार वर्गात मुलांना हा खड्डा दाखवा आणि चुन्याच्या निवळीचा प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर करा. ऐकले म्हणून मानू नये, पडताळून पाहावे, ही तथागतांची शिकवण त्यांच्या मनात अशाने पक्की रुजेल.