युरोपच्या ग्रुप टूरला निघण्याआधी

टूरचे पैसे भरले की पहिले दोन दिवस आनंदात जातात आणि मग पोटात गोळा येतो. व्हिसा मिळेल ना? गुडघे साथ देतील ना? एवढ्या अनोळखी माणसांत आपलं जमेल ना? साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांना हे प्रश्न रात्री झोपू देत नाहीत. मला वाटतं, यातली बरीचशी धाकधूक पुढे नेमकं काय घडणार आहे ते कुणी नीट न सांगितल्याची असते. म्हणून हा क्रम सांगते.

जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो तो शेंगेन व्हिसापायी. २९ देशांत चालणारा हा एकच व्हिसा. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून आधी शिरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बँकेचा तपशील आणि आयकर विवरणपत्रं मागतात, त्यातून वकिलातीला पाहायचं असतं ते एवढंच, की खर्च झेपेल आणि सहल संपल्यावर हा माणूस घरी परतेल. तेव्हा खात्यात ऐनवेळी कुणाकडून मोठी रक्कम आणून टाकू नका. दरमहा नियमित जमा होणारी पेन्शन दिसलेली जास्त बरी. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल, तर त्यांचं पत्र आणि त्यांची कागदपत्रं जोडा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, क्वचित ४५ दिवसही लागतात. ग्रुप एक असला तरी प्रत्येकाचा अर्ज वेगळा तपासला जातो. त्यामुळे मैत्रिणीचा व्हिसा आला आणि आपला अजून नाही, याचा अर्थ नकार असा होत नाही.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. त्यात आधीपासूनच्या आजारांविषयी काय लिहिलंय, ते मात्र घरी बसून सावकाश वाचा.

निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये बॅगांचे नियम सांगतात. त्यातला एक हमखास निसटतो: दूध आणि मांसापासूनचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप आणि पेढे घरीच. चिवडा, चकली खुशाल घ्या. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकही तिथेच.

आता बस. "सहा-सात-आठ" हे टूर मॅनेजरचं वाक्य रोज रात्री ऐकू येईल: सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. ही घाई नवख्याला जाचक वाटते, पण तिच्यामागे कायदा आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला ९ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदाच ती मर्यादा १० तासांवर नेता येते. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. सकाळी एका कुटुंबाने अर्धा तास उशीर केला, तर तो संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून वजा होतो. चालकाची सक्तीची विश्रांती मात्र आपल्या फायद्याची. स्वच्छतागृहाची काळजी करणाऱ्यांना निदान तेवढी खात्री असते. तिथे बहुधा पैसे पडतात, युरोची नाणी खिशात असू द्या.

चालणं मात्र खरोखर असतं, ते कमी लेखू नका. व्हेनिसच्या जुन्या शहरात गाड्याच नाहीत. बोटीतून उतरलं की दगडी फरशी आणि पायऱ्यांचे पूल. नवे बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि तेच घालून रोज पाऊण तास चाला. स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे धडधाकट माणसालाही चार पावलांत धाप लागू शकते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना हा आकडा सांगून विचारा. वर जायचं नसेल, तर वाटेतल्या क्लायनं शायडेकला, २,०६१ मीटरवर, थांबता येतं आणि डोंगर तिथूनही डोळे भरून दिसतात.

राहिली माणसं. बऱ्याच टूरमध्ये बसमधल्या जागा रोज बदलतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत सगळ्यांशी बोलणं होतं. एकटे जाणार असाल आणि खोलीत जोडीदार मिळणार असेल, तर घोरणं, पहाटे उठणं हे आधीच सांगून टाका. एकट्याची खोली हवी असेल तर जास्तीची रक्कम किती, ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

आणि एक कळकळीची विनंती: मधुमेह, रक्तदाब, झालेली अँजिओप्लास्टी यांतलं काहीही टूर मॅनेजरपासून लपवू नका. तुमचे आजार, औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.