वहीतले लेखन उजेडात येताना

फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपल्या छोट्याशा दुकानात बसून आत्मकथन लिहिले आणि सुमारे २० वर्षे ते घरच्यांपासून लपवून ठेवले. अमेरिकेतून येऊन फलटणमध्ये स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते बाहेर आले. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपात. दलित स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या आत्मकथनांत आज त्याची गणना होते.

बेबीताईंच्या भीतीला घरातील वास्तवाचा आधार होता. शहरातल्या अनेक हौशी लेखकांना मात्र 'लोक काय म्हणतील?' एवढाच प्रश्न अडवतो. त्याचे उत्तर बहुधा असे, की लोक आपण समजतो तितके काही म्हणत नाहीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. एका गायकाचे छायाचित्र असलेला, मिरवायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवण्यात आले. जवळपास निम्म्या जणांचे आपल्या शर्टाकडे लक्ष गेले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांना ते छायाचित्र ओळखता आले. कवितेतील सैल ओळ कवीला जितकी टोचते, तितकी ती ऐकणाऱ्याला टोचत नाही, याचे मूळ इथेच असावे.

तरीही निव्वळ धीर एकवटून भागत नाही. मराठी साहित्याचा इतिहास पाहिला, तर लेखन उजेडात येण्यामागे बहुतेकदा एखादा चांगला पहिला वाचक दिसतो. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवल्या होत्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखवल्या आणि अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ मध्ये संग्रह निघाला. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' तर वि. स. खांडेकरांनी १९४२ मध्ये पदरमोड करून प्रसिद्ध केला.

असा वाचक कुठे शोधायचा? घरची माणसे पहिली आठवतात. पण ती एकतर कौतुक करतात, नाहीतर थट्टा. दोन्हींचा लेखनाला उपयोग नसतो. नियमित वाचणारा आणि आपले मन राखण्याची गरज नसलेला परिचित त्याहून बरा. त्यालाही 'कसे वाटले?' असे विचारले, तर 'छान आहे' याखेरीज काही हाती लागत नाही. 'कुठे कंटाळा आला?', 'कोणता परिच्छेद दोनदा वाचावा लागला?' असे नेमके विचारले, तर उत्तरही नेमके येते. शिवाय टीका मजकुरावर होते, लेखकावर नाही. मजकूर देण्यापूर्वी तो स्वतः एकदा मोठ्याने वाचावा. अडखळणारी वाक्ये जिभेला आधी कळतात.

त्यानंतर वर्तुळ वाढवता येते. वाचनालयातील छोटे काव्यवाचन, वृत्तपत्रातील वाचकांचा पत्रव्यवहार किंवा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील 'कविकट्टा', ही नवोदितांची जुनी-नवी व्यासपीठे. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपराही आहेच. तिथून 'साभार परत' आले, तर ते गुणवत्तेवरचे शिक्कामोर्तब समजू नये. अंक भरलेला असतो, विषय ठरलेला असतो किंवा लेख उशिरा पोहोचलेला असतो. कारण कळवण्याइतकी फुरसत संपादकाला क्वचितच मिळते.

आपले लेखन चोरीला जाईल, या धास्तीनेही अनेक वह्या मिटलेल्या राहतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरील हक्क ते लिहिले जाताच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही. लेखकाच्या हयातीनंतरही हा हक्क ६० वर्षे टिकतो. पाठवलेल्या मजकुराची तारखेसह प्रत जवळ ठेवणे मात्र शहाणपणाचे. खबरदारी हवी ती दुसरीकडेच. पहिल्याच भेटीत लेखनाची वारेमाप स्तुती करून छपाईचा खर्च मागणारे प्रकाशक काही कमी नाहीत. पैसे देण्याआधी प्रती किती निघणार, त्या विकणार कोण आणि हक्क कोणाकडे राहणार, हे करारात लिहून घ्यावे.