एका सिलिंडरात अख्खी मारुती!

राजापूर तालुक्यातल्या ओणीहून पाचलमार्गे अणुस्कुरा घाट चढायला लागलं की इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. वळणावर वेग मरतो आणि वळण सुटताच चढ पुढ्यात उभा. साधी मोटरसायकल इथे दोन गिअर खाली येते आणि कण्हत चढते. ट्रायम्फची रॉकेट थ्री आणली तर?

२०१९च्या अखेरीस भारतात आलेल्या या क्रूझरचं इंजिन २४५८ सीसीचं, तीन सिलिंडरांचं. भागाकार करून पाहा: एकेका सिलिंडरच्या वाट्याला ८१९ सीसी! आणि कितीतरी घरांची पहिली चारचाकी ठरलेल्या मारुती ८००चं तिन्ही सिलिंडर धरून अख्खं इंजिन ७९६ सीसीचं.

२०१९च्या त्या मॉडेलची ताकद १६७ पीएस, पण घाटात उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे पीळ: २२१ न्यूटन-मीटर. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला साडेबावीस किलो वजन टांगलं, तर नटाला बसेल तेवढा. गिअर तो आणखी कित्येक पटींनी वाढवून चाकाला देतात. शिवाय हा पीळ मिनिटाला अवघ्या ४००० फेऱ्यांवर पूर्ण मिळतो. छोट्या इंजिनांना ताकद दाखवायला जिथे किंचाळावं लागतं, तिथे हिचं काम सावकाश, खालच्या पट्टीत होतं. वळणानंतर गिअर न बदलता नुसती मूठ पिळायची, की तीनशे किलोंहून जड धूड झेपावतं. सपाटीवर तर शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत पोहोचायला तिला पावणेतीन सेकंदही लागत नाहीत.

पण कोकणातल्या पावसात, जांभ्याच्या लाल चिखलाने निसरड्या झालेल्या वळणावर एवढा पीळ मोकळा सोडला तर २४० मिलिमीटर रुंदीचं मागचं चाकही घसरेल. म्हणून गाडीतला संवेदक ती किती कलली, किती डोलली हे सतत मोजतो. त्यावरून ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाला आवरतं आणि एबीएस वळणातही ब्रेक बेतानेच लागू देतं. चढावर थांबलात तर हिल होल्ड गाडी मागे सरकू देत नाही. चेनऐवजी शाफ्ट असल्यामुळे चिखलात चेन धुणं-तेल घालणंही नाही.

याच ट्रायम्फच्या नावाची ४०० सीसीची गाडी २०२३पासून पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटो बनवते. तिचा पीळ साडेसदतीस न्यूटन-मीटर, रॉकेटच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा. अणुस्कुरा तीही चढते. फक्त डाव्या पायाला काम जास्त.