नांगरणीसाठी ट्रॅक्टरवर वजन किती व कोठे लावावे?

रब्बीची पिके निघाली की मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या रानात पलटी नांगर सुरू होतो. नांगर नऊ-दहा इंच खोल गेला की बऱ्याच ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते : इंजिनात ताकद आहे, पण मागची चाके जागेवर फिरतात. मग कोणी नांगरावर दगड ठेवतो, तर कोणी पुढचा भाग उचलू नये म्हणून बंपरवर पोरांना बसवतो. दगड हादऱ्याने घसरतात आणि बंपरवरचा माणूस पडला तर थेट चाकाखाली जातो. ट्रॅक्टरवर वजन म्हणून माणूस कधीही बसवू नये. त्याऐवजी योग्य वजन योग्य जागी लावावे.

चाक का घसरते?

इंजिनाची ताकद जमिनीला मिळते ती टायरच्या पकडीतून. ही पकड मुख्यतः मागच्या चाकांवरील भारावर अवलंबून असते. भार कमी पडला की चाक फिरते, पण ट्रॅक्टर तेवढा पुढे सरकत नाही. डिझेल जळते, टायर झिजतो आणि दिवसाचे काम कमी होते. मात्र घसरण अजिबात नसणेही चांगले नाही. त्याचा अर्थ वजन जास्त झाले असा होतो. नांगरणीत साधारण ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजावी.

घसरण कशी मोजावी?

मागच्या टायरवर खडूने खूण करावी. प्रथम नांगर उचलून त्याच शेतात ट्रॅक्टर चालवावा व चाकाच्या १० फेऱ्यांत कापलेले अंतर टेपने मोजावे. नंतर नांगर नेहमीच्या खोलीवर ठेवून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरांतील फरकाला पहिल्या अंतराने भागून १०० ने गुणावे.

उदाहरणार्थ, नांगर उचलून ४० मीटर व नांगरताना ३१ मीटर अंतर भरले, तर घसरण २२.५ टक्के झाली. वजन लावल्यावर हेच अंतर ३५ मीटर झाले, तर घसरण १२.५ टक्क्यांवर येते. चाकाचा वेग तोच राहिल्यास आठ तासांचे काम सुमारे सात तासांत उरकते.

टेप नसेल तर टायरचा माग पाहावा. माग पूर्ण विस्कटलेला असेल तर वजन कमी आहे. टायरच्या नक्षीचा ठसा जसाच्या तसा उमटत असेल तर वजन जास्त आहे. कडांना ठसा स्पष्ट व मध्ये थोडा घसरलेला दिसला, तर वजन बरोबर आहे.

वजन लावण्याच्या पद्धती

१) टायरमध्ये पाणी भरणे : ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. ट्रॅक्टर जॅकवर उचलून खाली भक्कम ओंडके द्यावेत. व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक फिरवावे. व्हॉल्व्हची पिन काढून स्वच्छ पाणी भरावे व मधूनमधून आतील हवा सोडावी. व्हॉल्व्हपर्यंत पाणी आले की टायर सुमारे ७५ टक्के भरतो. उरलेल्या जागेत हवा भरून पुस्तिकेप्रमाणे दाब ठेवावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा हिशोब लक्षात ठेवावा. अतिथंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही.

२) बीडाची वजने : ही मागच्या चाकांच्या तबकडीला बोल्टने बसवतात. दोन्ही बाजूंना सारखी लावावीत. काम झाल्यावर ती काढता येतात, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

३) पुढची वजने : नांगर ओढताना पुढच्या चाकांवरील भार मागे सरकतो. बांधाजवळ वळताना जड नांगर उचलला की पुढची चाके अधिकच हलकी होतात व स्टिअरिंग लागत नाही. एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. त्यासाठी पुढच्या चौकटीवर कंपनीची वजने लावावीत.

ओढून न्यायचे अवजार किंवा रुतलेले वाहन नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. साखळी उंच जागी बांधल्यास ट्रॅक्टर मागे उलटतो. पुढे कितीही वजन लावले तरी या चुकीवर तो इलाज नाही.

वजन कोठे थांबवावे?

पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे वजन लावल्यास गिअर, ॲक्सल व टायरवर ताण येतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची ओढ वजनासह व वजनाशिवाय तपासली जाते. ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे तो चाचणी अहवाल मागावा.

ओल्या रानात चाक घसरते म्हणून वजन वाढवू नये. तेथे दोष वजनाचा नसून ओलाव्याचा असतो. पलटी नांगराच्या वेळी एक चाक तासात चालते. जमीन ओली असेल तर त्याखालचा थर दाबला जाऊन घट्ट होतो व पिकाची मुळे तेथेच अडतात. त्यामुळे वाफसा येईपर्यंत थांबावे.

नांगरणी संपताच बीडाची वजने काढून ठेवावीत. पेरणी व कोळपणी हलक्या ट्रॅक्टरनेच करावी. नांगरणीसाठी लावलेले वजन पेरणीच्या वेळी तसेच राहिले, तर नांगराने मोकळी केलेली जमीन आपणच पुन्हा दाबून टाकतो.